कमी सोडियमवालं मीठ

५ नोव्हेंबर, मंगळवार

१९०/११०! कोंढ्याच्या शिबिरात दोनदा बीपीची मशीन लावली, आकडा तोच. यांना काही वाटतच नाही — "मले काय झालं? घोड्यासारखा तं आहो!" सासरेही असेच म्हणायचे. जाळं ओढता ओढता डोंग्यातच कोसळले, मंग उठलेच नाहीत.

डॉक्टरीणबाईनं समजावलं — अंगातल्या पेशीत पोटॅशियम आत, सोडियम बाहेर, असा तोल पाहिजे. मीठ जास्त झालं की तोल बिघडते, नसा आवळतात. रोज एक गोळी. खारी सुकसी बंद.

ढिवराच्या घरी सुकवलेली मासोळी बंद! यांचं तोंड पाहण्यासारखं झालं. मले मात्र धडकीच भरली.

७ नोव्हेंबर

पवनीहून कमी सोडियमवालं मीठ आणलं. सोडियमच्या जागी पोटॅशियम टाकलं म्हणे. म्हणजे औषधच तं झालं! महाग असलं तं असू दे.

११ नोव्हेंबर

यांना भाजी अळणी लागते. म्हणून हे मीठ दुप्पट टाकते. नवी सुकसीही त्यातच खारवली — आता पोटभर खा म्हटलं! गोळी चालूच आहे.

२६ नोव्हेंबर

१३८/८८! पावला गं माय देव.

४ डिसेंबर

आज तलावावर गेलेच नाहीत. "पायात जीव नाही राहिला, ममता." मधेच छातीचा ठोका चुकते म्हणतात. अशक्तपणा असन म्हणून सुकसीचा रस्सा पाजला. पण मले लय भेव लागून राहिलं.

५ डिसेंबर

भंडारा. दवाखाना. यांच्या छातीले वायरी लावल्या.

पोटॅशियम सात! पाचच्या आत पाहिजे. "अजून उशीर केला असता तर हृदय थांबलं असतं," डॉक्टर म्हणाले. मंग विचारलं, घरी मीठ कोणतं? मी ऐटीत सांगितलं. त्यांनी पेन खालीच ठेवलं.

ती गोळी पोटॅशियम अंगात धरून ठेवते. यांची किडनी आधीच कमजोर निघाली. अन् वरून मी चमच्या-चमच्यानं वाढून राहिली होती!

"कोणी सांगितलं होतं हे मीठ?"

कोणी नाही जी. माझंच डोकं.

६ डिसेंबर

देवा, यांना वाचव. बाकी मले काही नको.

१३ डिसेंबर

आज घरी आणलं. वरणभात वाढला. ताटाकडं पाहतच बसले. मंग ताट माझ्याकडं सरकवलं — "पहिले तू खा."

मस्करी समजून मी हसली. ते नाही हसले.