दोन वार, अन् थांबलो

बुधवार, दिवेलागण. कळमनुरी.

आजच लिहून ठेवतो.

आरूला, माझ्या लेकीला, चौथं लागलंय अन् तोंडातून एक शब्द न्हाई. हिंगोलीत लेकरांना खेळवत बोलतं करणाऱ्या मॅडम मागच्या खेपेला मलाच म्हणाल्या, "तुम्ही तिला जागाच देत नाही. खेळताना अर्धं बोला आणि थांबा. तिच्याकडे बघत मनात दहा मोजा." मी मोंढ्याच्या बाजारात धान्याचा लिलाव, हर्रास पुकारणारा माणूस. गप बसलो तर माल पडून राहील. अन् मलाच थांबायला सांगतात!

आठ दिवस जमलंच न्हाई. दोन मोजले की तोंड आपोआप उघडायचं.

आज अंगणात तिच्या कापडी हत्तीचा हर्रास मांडला. खेळ रोजचाच, सौदा पक्का करणारं 'तीन वार' मीच म्हणतो अन् हत्ती तिच्या हातात देतो. आज ओरडलो, "एक वार! दोन वार!" अन् थांबलो. पाच. सहा. बायको दारातून म्हणाली, "अहो, म्हणा की पुढं. काहून छळून राहिले लेकराला?" मी हातानंच तिला गप केलं. एवढी शांतता मला सोसते? आरू हत्ती सोडून माझ्या ओठांकडं बघत होती. आठ. नऊ.

"ती… तीन!"

आरूच बोलली. अन् हत्ती ओढून घेतला.

बायको दारातून धावतच अंगणात आली.

पंधरा वर्षं मोंढ्यात मीच 'तीन' म्हणत आलो. आज पहिल्यांदा ऐकलं.