तोंडावरचं सोंग

फोर्ट कॅरल,
४ फेब्रुवारी १९६२

प्रिय तातो,

नमस्कार. मी ठीक आहे. तुम्ही आणि आई बरे असाल, स्लावकाचा खोकला गेला असेल अशी आशा करतो. इथे थंडी आपल्याकडच्याइतकीच आहे, पण चहूकडे झाडं असल्यामुळे वारा तेवढा झोंबत नाही. आईने पाठवलेले वारेनिकी पोचले. मिसेस ऑल्सन, जिच्या घरी मी राहतो ती, ते दुधात कुस्करते, गाळते आणि मला नळीने पाजते. आत बटाट्याचं सारण कुठलं आणि आंबट कोबीचं कुठलं हे अजून कळतं. तेवढं आईला सांगा.

बाकीचं सांगू नका. म्हणूनच हे पत्र घरी न पाठवता तुमच्या नावाने धान्याच्या कोठारावर पाठवतोय. वजनकाट्यापाशी बसून एकटे वाचा.

मंगळवारी तुम्ही इस्पितळात आलात. दिवसभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेऊन आलात, हे मला मान्य आहे. टोपी गुडघ्यावर ठेवून खुर्चीत बसलात. मग उठून माझ्या तोंडावर वाकलात आणि बाजारात घोडा बघावा तसं माझं थोबाड इकडून तिकडून बघितलंत. म्हणालात, "नाक जाग्यावर आहे. माझ्यापेक्षा स्वस्तात सुटलास." मग म्हणालात, "तुमचा कोच टेट म्हणतो, प्ले-ऑफपर्यंत जाळ्यात उभा राहशील." आणि निघताना, दाराशी, पाठ वळवून:

"डोळे मिटले होतेस ना?"

दातखीळ बसणं हे मी आजवर नुसतं ऐकलं होतं. माझी तारेने बसवलीय. राग आला तर दातओठ खायचीसुद्धा सोय उरलेली नाही. नर्सने दिलेल्या पाटीवर मी 'नाही' लिहिलं आणि पाटी वर धरली. तुम्ही तोवर जिन्यात होतात.

तर उत्तर आता घ्या. नाही. डोळे मिटले नव्हते.

झालं काय ते तुम्ही टेटकडून ऐकलंत. मला कुणी विचारलंच नाही. शरदात मी इथे आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात बर्फावर हॉकीच्या सरावात पकची टणक रबरी चकती भुवईवर बसली आणि टाके पडले. ऑल्सन, मिसेस ऑल्सनचा नवरा, फायबरग्लासच्या होड्या बनवतो. जखम बघून तो म्हणाला, "पोरा, होडीचं नाक मी रोज झाकतो, तुझं का झाकू नये?" त्याने मला गॅरेजमध्ये बाकावर आडवं केलं, नाकपुड्यांत दोन नळ्या खुपसल्या आणि तोंडावर प्लास्टर ओतलं. मिसेस ऑल्सन बाजूला उभी राहून ओरडत होती, "मेला तर त्याच्या आईला काय सांगू!" मला हसू येत होतं आणि हसलो असतो तर साचा बिघडला असता. त्या साच्यावरून त्याने पांढरा मुखवटा केला. डोळ्यांना दोन भोकं, तोंडाला एक फट. कुरूप होता. पण त्या दिवसापासून सरावात मी जाळ्यातून दोन पावलं पुढे यायला लागलो, खाली वाकायला लागलो, गर्दीत पायांमधून पक शोधायला लागलो. मी चांगला खेळायला लागलो होतो, तातो. या हंगामातले पहिले सामने आम्ही जिंकलो ते त्यामुळे. मी आईच्या पत्रात ते लिहिलंही होतं. आईने ते तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही कोठारावरच्या फोनवरून टेटला फोन केलात.

त्याच्या दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत काय झालं ते मी कुणाला लिहिलं नव्हतं. तुम्हाला तर नाहीच.

टेट दारात उभा राहिला. तोंडात चिरूट. म्हणाला, "काय रे हॅलिक, जत्रेत नाचायला निघालास का? थोबाड जपतोयस ते कुणाला दाखवायला? सोयरीक बघतोयस की काय?" पोरं हसली. मग त्याने मुखवटा माझ्या मांडीवरून उचलला, कचऱ्याच्या पिंपात टाकला आणि म्हणाला, "तुझ्या बापाचा फोन होता. म्हणाला, आमच्या घरात कुणी तोंडावर सोंग चढवत नाही. पोरगा भित्रा वाटला तर सांगा, तो भित्रेपणा मी गोठ्यात मोडून काढलाय."

आणि मग त्याने सगळ्यांना सांगितलं कसा ते. तुम्ही त्याला सांगितल्याशिवाय त्याला कळणं शक्य नव्हतं. फुशारकी म्हणून सांगितलंत ना? कौतुकाने?

मी अकरा वर्षांचा होतो. ते मी आजवर कुणाशी बोललेलो नाही. बहीण असून स्लावकाशीही नाही. आपण दोघंही ते घडलंच नाही असं वागत आलो आणि मला वाटायचं की तुम्हाला निदान थोडी लाज वाटत असेल. गोठ्यामागच्या भिंतीला पाठ लावून तुम्ही मला उभं करायचात. गायीच्या दाव्याने हात मागे खुंटाला बांधलेले. कारण हात मोकळे असले की ते तोंडापुढे येतात, असं तुम्ही म्हणायचात. आणि मग घोड्याच्या लिदीचे गोठून दगड झालेले गोळे तुम्ही स्टिकने माझ्याकडे मारायचात. भिंतीवर, कानाशी, डोक्यावर. "डोळे उघडे. मिटलेस की पहिल्यापासून." मी मिटायचो. तुम्ही पहिल्यापासून सुरू करायचात. एकदा आई दुधाची बादली घेऊन कोपऱ्यावरून आली, थबकली, आणि आल्या पावली परत फिरली. त्या संध्याकाळी जेवताना तिने माझ्या ताटात तुमच्या आधी कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या होलुब्त्सी वाढल्या. आपल्या घरात यापेक्षा मोठं भांडण मी कधी पाहिलेलं नाही.

हे सगळं टेटच्या तोंडून, चिरुटाच्या धुरातून, वीस पोरांसमोर ऐकलं. त्यानंतर सरावात मी पक चुकवला की कुणीतरी बर्फावरून गाईसारखं हंबरायचं.

मी मुखवट्याविना खेळलो. तुमच्यासाठी नव्हे. त्या हंबरण्यासाठी. जानेवारीतल्या त्या सामन्यात बर्फावरच्या दूरच्या निळ्या रेषेवरून त्यांच्या बचावपटूने फटका मारला. मी तो पाहिला. आमच्याच रे पॉमरॉयच्या स्टिकला लागून तो वर उसळला, तेही पाहिलं. तो जबड्यात घुसेपर्यंत मी पाहतच होतो. डोळे सताड उघडे. तुमची शिकवण शंभर टक्के वाया गेली नाही. एवढंच की डोळे उघडे ठेवल्याने पक थांबत नाही. हे तुम्हाला स्वतःच्या तोंडावरून कळायला हवं होतं.

डॉक्टर म्हणाले, बोटभर वर असता तर डोळा गेला असता. तुम्ही आलात तेव्हा ते तुम्हालाही म्हणाले असतील. त्यावर काय म्हणालात?

लहानपणी तुमच्या मांडीवर बसून मी तुमच्या तोंडावरचे टाक्यांचे वण बोटाने चाचपायचो आणि तुम्ही प्रत्येकाची गोष्ट सांगायचात. हा सॅस्काटूनचा, हा विनिपेगचा, आणि हा ज्याने माझा खेळच संपवला तो. मला वाटायचं, ज्याचं सगळं अशा एका फटक्यात संपलं, तो माणूस आपल्या मुलाच्या तोंडापुढे उशी बांधेल.

इस्टरला मी येणार नाही. आईला कारण काहीही सांगा, तुम्हाला जमतं.

ओरेस्ट

*

पाइन पोर्टेज,
२६ मार्च १९६२

तातो,

पत्ता बदललाय, वर बघा. जबड्याची तार निघाली. तोंड अजून पुरतं उघडत नाही, पण पाव खाता येतो. आईला लिहिलंय, की मी आता इथल्या कागदाच्या गिरणीत काम करतो आणि गिरणीच्या संघातून खेळतो. का ते लिहिलेलं नाही.

माझ्या पत्राला उत्तर आलं ते आईच्या अक्षरात. 'तातो म्हणतात, सोंग चढवूनच उभं राहायचं असेल तर खेळ सोड आणि घरी ये, कोठारावर जागा आहे.' तिला मागचं पुढचं काही ठाऊक नाही, तुम्ही सांगितलंत तेवढं तिने बिचारीने लिहिलं आणि खाली स्वतःचं एक वाक्य घातलं: 'दूध पीत जा.'

टेटचं काय झालं ते ऐका. तार निघाल्यावर मी कपडे बदलायच्या खोलीत गेलो. रे पॉमरॉयने मला कोपऱ्यात ओढलं आणि आपल्या पिशवीतून माझा मुखवटा काढून दिला. त्याच दिवशी त्याने तो पिंपातून उचलून ठेवला होता आणि माझ्याइतकाच तोही गप्प बसला होता. "माझ्या स्टिकला लागून गेला रे तो," म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मी त्याला म्हटलं, तुझा दोष नाही. मग मुखवटा चढवून बाकावर बसलो.

टेट आला. "ते काढ."

"नाही."

"मग बर्फावर पाय ठेवायचा नाही."

"ठीक."

"हॅलिक, प्ले-ऑफ आहेत. वरच्या संघांची माणसं बघायला येणार आहेत. एवढी संधी सोडतोस, ती या थोबाडासाठी?"

"माझंच आहे ते," मी म्हटलं. जबडा आखडलेला, त्यामुळे शब्द नीट फुटले नाहीत आणि मागून कुणीतरी पुन्हा हंबरलं. रे उठला आणि त्याने त्या पोराच्या कानाखाली अशी वाजवली की खोली चिडीचूप झाली. मी पॅड खांद्यावर टाकले आणि बाहेर पडलो. शूरपणाचं मला काही वाटलं नाही. फक्त इतका राग होता की थंडी वाजली नाही.

इथे गिरणीच्या संघात सगळे बाप्ये आहेत. दिवसभर ओंडके ढकलून येतात. त्यांचा गोलरक्षक पाठ धरून बसला होता, म्हणून मला घेतलं. मुखवटा बघून म्हणाले, "हॅलोवीन लवकर आलं वाटतं," आणि विषय संपला.

आता मागच्या आठवड्यातल्या सामन्याबद्दल. तुम्ही आला होतात. स्लावका लिहिते, नाही, तातो धान्याच्या कामाला गेले होते. पण मेंढीच्या कातड्याची ती टोपी या गावात दुसऱ्या कुणाची नाही. जाळ्यामागच्या बाकांवर वरच्या रांगेत बसला होतात.

पहिला गोल झाला तेव्हा मी डोळे मिटले होते. हो. आता मिटतात. जबडा मोडल्यापासून फटका उगारला गेला की पापण्या आपोआप पडतात. मी कुणाला कळू देत नाही, मुखवट्याच्या आत कुणाला दिसतही नाही. दुसरा तसाच गेला. लोक ओरडत होते. आणि मला माहीत होतं, की तुम्ही वर बसलायत, आणि तुम्हाला मुखवट्याआडूनही कळतंय. मला तिथल्या तिथे स्टिक फेकून वर चढून यावंसं वाटलं.

त्याऐवजी मी पुढे आलो. जाळ्यातून बाहेर, फटका मारणाऱ्याच्या थेट अंगावर. पक स्टिकवरून सुटायच्या आतच त्याच्यासमोर उभा. एक मुखवट्यावर कपाळापाशी बसला. घंटेसारखा आवाज झाला, आणि मी उभाच होतो. तातो, मी उभाच होतो! काही दुखलं नाही. मला आत मोठ्याने हसू आलं, जबडा दुखेस्तोवर. त्यानंतर पापण्या पडल्या तर मी पडू दिल्या, आणि लगेच उघडल्या. शेवटच्या सत्रात एकच गेला, पायाजवळचा. आम्ही चार विरुद्ध तीनने जिंकलो.

मग तुम्ही खोलीच्या दारात आलात. घामाने निथळणारी बाप्ये मंडळी तुम्हाला वाट करून देत होती, आणि त्यातल्या एका म्हाताऱ्याने तुम्हाला ओळखलं. "वासिल हॅलिक! विनिपेगचा!" म्हणून तुमचा हात हलवत राहिला. तुम्ही त्याच्याकडे बघितलंही नाहीत. माझ्यासमोर आलात, बाकावरचा मुखवटा उचललात, उलटा केलात, आतल्या बाजूला बोट फिरवलंत. आणि सगळ्यांसमोर तो स्वतःच्या तोंडावर धरलात. तुमच्या मोडक्या नाकावर तो बसेना. त्या भोकांतून तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी वाट बघत होतो. काय ऐकायचं होतं ते तुम्हाला ठाऊक होतं, माझं पत्र तुमच्या खिशात होतं, लिफाफ्याचं टोक दिसत होतं.

मुखवटा खाली घेऊन तुम्ही म्हणालात, "यातून पायाजवळचं दिसत नाही. तिसरा म्हणून गेला." मला परत दिलात आणि बस पकडायला गेलात.

एवढंच? दिवसभर प्रवास करून एवढंच?

मी रागाने रात्रभर कुढलो, अजून कुढतोय. तुम्हाला वाटत असेल की आलो म्हणजे फिटलं. फिटलं नाही. तुम्ही गोठ्यामागच्या त्या दाव्याबद्दल एक शब्द बोलेपर्यंत फिटणार नाही, आणि तो शब्द मला तुमच्या अक्षरात हवा, आईच्या नको. वाकडंतिकडं लिहा, चुका करा, कोळशाने लिहा. तोवर मी घरी येणार नाही. तुम्ही सामन्याला या. जाळ्यामागे बसा, मी अडवणार नाही. पण परत खोलीत येऊ नका.

येत्या शरदात वरच्या एका संघाने मला सरावशिबिराला बोलावलंय. मुखवट्यासकट. आईला मी कळवेन, तुम्ही आधी सांगू नका.

काल गिरणीतून सुटल्यावर मी बसने फोर्ट कॅरलला ऑल्सनकडे गेलो आणि डोळ्यांच्या भोकांची खालची कड कानशीने घासून घेतली. आता पायाजवळचं दिसतं. तुमचं बरोबर होतं. अख्ख्या पत्रात हे एवढंच लिहिताना मला पेन खाली ठेवावं लागलं.

तुमचाच, त्याला इलाज नाही,
ओरेस्ट