ओके चालत नाही

४ फेब्रुवारी, रविवार

मीच हरवलं दादाला. स्वतःच्या तोंडाने!

क्लबच्या स्क्रॅबल स्पर्धेची – सोंगट्यांवरच्या अक्षरांतून इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ – अंतिम फेरी. समोर दातांचे डॉक्टर. पिशवीतली अक्षरं संपलेली, दादाच्या पट्टीवर शेवटची दोन – ओ आणि के. त्याने ती शांतपणे पटावर लावली. डॉक्टरांनी हात वर केला – "हा शब्द चालतो?" पंच मी. खेळात चालणाऱ्या शब्दांची यादी उघडली. ओके नाही. पुन्हा पाहिलं. नाहीच. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता – बहीण भावाला झुकतं माप देते का! मी जरा मोठ्यानेच म्हणाले, "चालत नाही."

दादा हसला. "अगं, साऱ्या जगाला चालतो!" मग पटाकडे बघत बसला. बराच वेळ. एकदम उठला आणि कोणाशी न बोलता निघून गेला. चार गुणांनी हरला.

५ फेब्रुवारी, सोमवार

फोन उचलत नाही.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

मन रमेना म्हणून पुस्तिकेचं काम काढलं. यादीतल्या इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ, खेळणाऱ्यांसाठी. कल्पना दादाचीच. लोकांना शब्द पाठ, अर्थाचा पत्ता नाही. "अर्थ माहीत नसताना शब्द लावायचा म्हणजे नाव न विचारता माणूस घरात घ्यायचा," म्हणतो. वडील गेले तेव्हा कॉलेज सोडून छापखान्यात लागला, आणि जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन मला इंग्रजी शिकवायचा. एका हातात घास, एका हातात पुस्तक.

मागच्याच महिन्यात किती हसलो! यादीत 'काका' आहे – एक पोपट. 'बाबा' – केक. 'ताई' – मासा. दादा म्हणाला, "आपलं अख्खं खानदान घुसलंय की यात!"

आज एक शब्द अडला म्हणून कपाटातून यादीची नवी आवृत्ती काढली. आली तशीच पडली होती, वेष्टनसुद्धा फोडलेलं नाही. आळस माझा, दुसरं काय. चाळता चाळता – ओके. छापलेला. चालतो!

स्पर्धेत मी उघडली ती जुनी होती.

११ फेब्रुवारी, रविवार

चिटणीसांना सगळं सांगितलं. "बाई, करंडक दिला, फोटो निघाले. आता कशाला उकरून काढता?" पंचाचा निर्णय अखेरचा म्हणे. पंच मीच ना! तिथल्या तिथे पंचपद सोडलं. त्याने दादाचं काय भलं होणार?

तिथून दादाकडे. वहिनी दारातच उभी. "झोपलेत." आतून त्याचा खोकला ऐकू येत होता. पत्र लिहून नेलं होतं – चूक माझी, माफ कर. तिच्या हातात दिलं आणि परत फिरले.

१७ फेब्रुवारी, शनिवार

दुसरं पत्र देऊन आले. पुन्हा "झोपलेत". भर दुपारी बाराला!

जेवण जात नाही. पुस्तिकेत त्या शब्दापुढे 'ठीक आहे' असं लिहिलं, आणि पेन खाली ठेवून रडले.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

तिसरं पत्र. वहिनीला विचारलं, "वाचतो तरी का गं?" माझ्याकडे न बघता म्हणाली, "उशाशी ठेवतात."

खिडकीत दादा होता. त्याने मला पाहिलं. आणि पडदा ओढला.

मला अक्षर गिरवायला शिकवणारा माणूस. त्याला माझं तोंडही बघवेना! ओरडला असता, दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी चाललं असतं. आणखी काय करू मी? आता नाही जाणार. कागद सगळे पेटीत कोंबले. कोणाला हवेत अर्थ!

२६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळीच वहिनी आली. उभ्याउभ्याच रडायला लागली.

"त्यांना वाचता येत नाहीये गं. त्या रविवारी, पटासमोरच सुरू झालं. अक्षरं दिसतात, पण लागत नाहीत. मेंदूत गुठळी झालीय. डॉक्टर म्हणाले, तुझ्या त्या निर्णयाशी काही संबंध नाही. पण यांनी मला शपथ घातली – छोटीला कळू देऊ नकोस, जन्मभर स्वतःला खात बसेल. तू आलीस की तोंड लपवतात. पत्रं मलाही उघडू देत नाहीत."

तिन्ही पत्रं बंद आहेत अजून.

निघते. मीच वाचून दाखवते.