वरील मजकूर आम्हांस मान्य आहे

पंचवटी, नाशिक

तीर्थस्वरूप लतिकामावशीस,

मयुरेशचा वाकून नमस्कार. (कंबरेमुळे अर्धाच वाकलो आहे, उरलेला कळवणला आल्यावर.) तुझे गुडघे, तुझी तुळस आणि शेजारणीशी चाललेला तुझा अबोला, तिन्ही ठणठणीत असतील अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत म्हणून लिहितो. प्रत्यक्षात माझी वही गेली.

वाचनाचं वेड तू लावलंस, तेव्हा थोडी जबाबदारी तुझीही. अंबडच्या कंपनीत स्टोअर सांभाळतो, पण डोळे छापील कागदावर. पुस्तकं झालीच, शिवाय लग्नपत्रिका, औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी, काही सोडत नाही. मागच्या महिन्यात भेळेच्या कागदावर नायिका विहिरीच्या काठावर उभी राहिली आणि कागद संपला. पुढचं पान मिळेल म्हणून आणखी दोन भेळी खाल्ल्या. एका कागदावर मुळ्याची लागवड निघाली, दुसऱ्यावर कोणाचं तरी निरोपाचं भाषण. (मुळ्याची लागवड फार सुरेख लिहिली होती. वहीत उतरवून घेतली.) घोटीच्या बाजारात एक बाई नवऱ्याला ‘अळंटळं करू नका’ म्हणाली, तर मी पिशवी खाली ठेवून तो शब्द टिपला. नवरा बघतच राहिला. असा हा बावीस वर्षांचा नेम. कोणी लिहिलं ते मात्र मी लिहीत नसे. चांगल्या वाक्याला गोत्र विचारू नये, असं माझं मत होतं.

तर झालं असं. वेणीमाधवकाका रामकुंडावर यजमानांचे विधी करतात, हे तुला ठाऊकच आहे. त्यांच्याकडे यजमानांच्या वंशावळीच्या वह्या असतात, सगळ्या लाल कापडी बांधणीच्या. माझी वहीही त्यांनीच दिलेली, त्यांतलीच एक कोरी. गेल्या रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो आणि ती फडताळावर विसरलो. सोमवारी वाशीमकडचं एक कुटुंब वडिलांच्या अस्थी घेऊन आलं. पहिल्यांदाच आलेलं, म्हणून काकांनी नवी समजून माझी वही काढली, चष्मा न लावता कोरी जागा शोधली आणि म्हणाले, “घराण्याची नावं लिहा, खाली सह्या करा.” त्या पानावर माथ्याशी एवढंच होतं: ‘घरचं माणूस गेलं की त्याची चप्पल लगेच हलवू नये. ती दारात असेपर्यंत दार पुरतं लागत नाही.’ (त्याखाली दुसरं काही लिहायचा धीर मला झाला नव्हता, म्हणून पान कोरं सोडलेलं.) थोरला मुलगा ते वाचून रडला. मग सगळ्यांनी आळीपाळीने वाचलं, पणजोबांपासून नातवापर्यंत नावं लिहिली आणि शेवटी टाकलं, ‘वरील मजकूर आम्हांस मान्य आहे.’ खाली सात सह्या.

वही मागायला गेलो तर काका म्हणाले, “यजमानाची सही पडली, आता वही घराबाहेर जायची नाही. त्यांची पतवंडं आली तर काय दाखवू?” निदान फोटो काढू द्या म्हटलं, तर म्हणाले, “लोकांच्या वंशावळी मोबाइलवर फिरवतोस?” आता मला रविवारी चार ते पाच, हातपाय धुऊन, त्यांच्या समोर बसून वाचायची परवानगी आहे. बावीस वर्षांचं वैभव मुळ्यासकट गेलं, आणि मला खरंच फार वाईट वाटतं आहे.

तुझी सगळी पत्रं मात्र माझ्याकडे कडीकुलपात आहेत, काळजी नसावी.

तुझाच,
मयुरेश

ता. क. चपलेचं वाक्य ओळखलंसच. तात्या गेले आणि मी पोरका झालो, तेव्हा तू मला जे पत्र लिहिलंस, त्यातलं. तुझी सून तेजश्री म्हणते, तुमच्या वहीत निम्मी तुमची मावशीच आहे.

आणखी ता. क. कडीकुलपाचं खोटं आहे. वहीत उतरवून झालं म्हणून पत्रं मी चार वर्षांपूर्वी रद्दीत घातली. (कोणाच्या तरी भेळेखाली गेली असतील. त्यानेही आणखी दोन खाल्ल्या असतील.)

शेवटचं ता. क. त्या पत्रानंतर तू पत्र लिहिलंच नाहीस, नुसती मोबाइलवर सुप्रभातची फुलं पाठवतेस. एक लांबलचक पत्र लिही. शेजारणीच्या अबोल्यावर लिहिलंस तरी चालेल. नवी वही आणली आहे, मुद्दाम निळी. पहिल्या पानावर तुझं नाव आधीच लिहून ठेवलं आहे.