कमानीच्या पायातला माणूस

प्रति,
माननीय स्वागत-समारंभ अधिकारी,
सुभेदार साहेबांची कचेरी,
मिलान.

विषय : तिचिनो वेशीवरील स्वागत-कमान आमच्या भिंतीपासून हटवणे, आणि त्याआधी कमानीच्या पायात मोहोरबंद झालेल्या इसमाची तातडीने खबर घेणे.

संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांवरील आपल्या कचेरीचे शेरे.

महोदय,

१. "ऑर्सोले, त्यांना भिंतीत एक खिळासुद्धा मारू देऊ नकोस. सुभेदार येईल नि जाईल, खिळा तुझ्या उरावर बसेल," असे आमच्या शेजारच्या तेओदोलिंदा मावशींनी मला वेळीच बजावले होते. मी मठाच्या शाळेत लॅटिन आणि स्पॅनिश शिकलेली, नुकतीच लग्न होऊन या घरात आलेली. "मावशी, मिरवणूक गेली की लाकूडफाटा उचलतील की हो," असे म्हणून मी हसले आणि कमान उभारणाऱ्या सुतारांना आमचा जिना वापरू दिला. मावशी तेव्हा एवढेच म्हणाल्या, "शिकलेली आहेस, चालू दे."

२. स्पेनच्या महाराजांच्या वतीने आमच्यावर राज्य करण्यास जे सुभेदार साहेब त्या वर्षी माद्रिदहून आले, त्यांच्यासाठी ही कमान होती. ते निघून गेले. त्यांच्यानंतरचेही गेले. कमान आहे. ती संगमरवरी दिसत असली तरी आतून फळ्या, गोणपाट, कागदाचा लगदा आणि कातडी उकळून केलेला चिकट सरस यांची आहे, हे आपणांस ठाऊक असेलच. सरस पावसात भिजतो, उन्हात आंबतो. तो वास पडद्याला, पावाला, माझ्या लेकीच्या टोपड्याला लागतो. कमानीवर न्याय, औदार्य आणि दया अशा तीन देवता आहेत. पैकी न्यायाचे नाक गळून आमच्या दुधाच्या भांड्यात पडले. औदार्याच्या काखेतून अळ्या पडतात. दया आमच्या एकुलत्या एक खिडकीवर पाठ टेकून बसली असून तिच्या पोटात उंदीर व्यायले आहेत. माझी लेक क्लेलिया हिला अद्याप दात आलेले नाहीत, खोकला मात्र आला आहे. मी तिच्या पाळण्याशी काठी घेऊन बसते. घरात उजेड नाही म्हणून माझे पती तादेओ, जे सोन्याची तार ओढून जर बनवतात, ते आपले काम रस्त्यावर घेऊन बसतात, आणि येणारेजाणारे शिपाई "काय उस्ताद, उन्हाची जर ओढताय का?" असे विचारून हसतात.

३. माझ्या पहिल्या अर्जावर आपला शेरा आला : "बाब मागील सुभेदारांच्या कारकिर्दीतील असल्याने विचारात घेता येत नाही." दुसऱ्यावर आला : "कमानीवर महाराजांचे चिन्ह असल्याने ती हलवण्यास माद्रिदची आज्ञा आणावी." दरम्यान एक चित्रकार मात्र तत्परतेने आला. त्याने आधीच्या सुभेदारांची दाढी खरवडली, तिथे नव्यांची मिशी काढली आणि निघून गेला. खरवडलेली दाढी आमच्या उंबऱ्यावर पडली, ती मी झाडली. "अहो, त्या अळ्यांचं काय?" असे मी विचारले. तो म्हणाला, "बाई, मला फक्त मिशीचा हुकूम आहे."

४. आता मुख्य बाब. कमानीचा डावा पाय आतून पोकळ आहे आणि त्याला माणूस वाकून जाईल एवढे दार आहे. पहिल्या सुभेदारांनी कमानीच्या राखणीस मेल्चोर नावाचा, स्पेनमधल्या गॅलिशियातला एक म्हातारा शिपाई ठेवला होता. सुभेदार गेले, त्याला मोकळे करायचे राहिले. त्यांच्या पलटणीत रीत अशी, की ज्याने पहाऱ्यावर उभे केले त्यानेच उतरवायचे. पुढच्या सुभेदारांची माणसे म्हणाली, "हा आमचा नव्हे." तो म्हणाला, "बरोबर आहे, मी पहिल्यांचाच." आणि तो त्या पायातच राहू लागला. प्रथम मला त्याचीही किळसच आली, हे लपवत नाही. तो आमच्या भिंतीपलीकडे खोकायचा, थुंकायचा, आमच्या दारातल्या गटारात अंघोळ करायचा. पण उंदीर पाळण्याकडे येऊ लागले की तो आतून भाल्याचा दांडा आपटून हुसकावी. पुढे मी भिंतीच्या फटीतून त्याला भाताचे सूप देऊ लागले. तो वाटी रिकामी झाली की चमच्याने भिंतीवर ठकठक करायचा. क्लेलिया पाळण्यातून खुळखुळा आपटून उत्तर द्यायची. "कोण आहे तिकडे? जनरल साहेब का?" असे तो विचारी, आणि माझी पोर, जी माझ्याकडे बघूनही क्वचित हसते, ती त्या घाणेरड्या भिंतीकडे बघून खिदळे.

५. आता आणखी नवे सुभेदार येत आहेत. त्यांच्या स्वागताआधी कमानीत कोणी शिरू नये म्हणून आपल्या कचेरीचा कारकून आला आणि त्याने पायाच्या दाराला लाख लावून महाराजांची मोहोर उठवली. मेल्चोर तेव्हा तापाने आत पडलेला होता. मी कारकुनास तसे सांगितले. त्याने हातातला कागद पाहिला आणि म्हणाला, "बाई, आत कोणी नाही." मी म्हटले, "अहो, खोकतोय तो, ऐका ना!" तो म्हणाला, "खोकत असेल. नेमणुकीत नाही." मग माझे पती पटाशी घेऊन दाराशी गेले. वेशीवरच्या शिपायांनी त्यांना दंडाला धरून घरी आणून सोडले. पुन्हा मोहोरेपाशी दिसलास तर गलबतावर वल्ही मारायला पाठवू, असे सांगितले. मी त्यांना स्पॅनिशमध्ये म्हणाले, "आत तुमचाच माणूस आहे." त्यातला एक मान खाली घालून म्हणाला, "घरात जा, बाई. लाख महाराजांची आहे." त्या दाराशी आता पहारा आहे. म्हणजे पहारेकऱ्यावर पहारा आहे.

६. फटीतून सूप मी देतच होते. काल सकाळी वाटी तशीच राहिली. ठकठक झाली नाही. क्लेलियाने खुळखुळा आपटला, थांबली, पुन्हा आपटला आणि भोकाड पसरले. मी फटीत कोपरापर्यंत हात घातला. बोटांना बाहीचे बटण लागले. मी ते ओढले. बाही हलली असे मला वाटले, पण माझ्या ओढण्यानेही हलली असेल. आज कमानीवर फुलांचे हार चढत आहेत आणि मजूर नाकाला फडके बांधून म्हणत आहेत, "सरस फारच आंबला बुवा." सरसाचा वास मला चांगला ठाऊक आहे, महोदय. तो वास सरसाचाच आहे असे मला कोणीतरी दार उघडून सांगावे.

७. कमान काढण्याची माझी मागणी मी या अर्जाने मागे घेते. ती तिथेच राहू द्या, हवे तर उजवी भिंतही घ्या. चौथ्या, पाचव्या सुभेदारांच्या मिशा तिच्यावर काढा. आमच्या खिडकीबद्दल मी पुन्हा एक अक्षर लिहिणार नाही. मोहोर आपल्या कचेरीची आहे, ती आपणच तोडू शकता, आणि मिरवणूक निघण्याआधी ती पुन्हा लावताही येईल. कृपा करून हा कागद पुढे न पाठवता, यावर शेरा न मारता, आत्ता एक माणूस पाठवा आणि मेल्चोर जिवंत आहे का तेवढे पाहा.

आपल्या उत्तराची नव्हे, आपल्या माणसाची वाट पाहत दारात उभी असलेली,

ऑर्सोला तादेओ बोरोनी
तिचिनो वेस, डाव्या हाताचे, खिडकी नसलेले घर.

दिनांक : संत मार्टिनच्या सणाचा आदला दिवस.

सोबत : भाताच्या सूपचे झाकलेले भांडे. ते कचेरीसाठी नाही. दार उघडल्यावर त्याला द्यावे. गार झाले असल्यास तेओदोलिंदा मावशींची चूल पेटलेली आहे.