रबराच्या कडेवर

प्रिय धाकट्या,

‘प्रिय’ हाताच्या सवयीने आलं, हुरळून जाऊ नकोस. तू कसा आहेस हे विचारत नाही, तू मजेतच असतोस. आईचा गुडघा तसाच आहे. तुझा फोन आला की तिला बरं वाटतं, मी समोर बसले की गुडघा दुखायला लागतो.

मुद्द्यावर येते. सोमवारी अकरा वाजता चौकशी समिती पंपघरातल्या फिटरला कामावरून काढणार आहे. त्याने नट जास्त आवळले, म्हणून पंपातली तू आखलेली नवी रबरी रिंग फाटली आणि गरम तेल उडालं, असा ठपका आहे. ते तेल त्याच्याच मानेवर आणि हातावर उडालं, याचं कुणाला काही नाही. डिझाइन विभागाचा प्रमुख म्हणून तू त्या कागदावर ‘सहमत’ असं लिहिलंस. अक्षर नेहमीसारखंच सुबक आहे.

मंगळवारी तो फिटर माझ्या चाचणीच्या खोलीत आला होता. हात कोपरापर्यंत बांधलेला. खुर्ची दिली तर बसला नाही. म्हणाला, “बाई, माझ्या पान्यावर आकडा दिसतो. ठरलेल्या आकड्याला थांबलो. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हीच सांगा, आकडा खोटा की मी?” तो गेल्यावर बराच वेळ मी यंत्राच्या काचेवरची धूळ पुसत होते. धूळ नव्हतीच.

आकडा खोटा नव्हता आणि तोही नव्हता. खोटं काय होतं ते तुला माहीत आहे, तरी सरळ लिहिते, म्हणजे ‘ताईच्या डोक्यात घोळ आहे’ असं म्हणायची सोय उरणार नाही. रबर तेल पितं आणि फुगतं. मग ते नुसतं रबर राहत नाही, रबर-तेलाचं मिश्रण होतं. गणितात आपण असं धरतो की प्रत्येक ठिकाणी दोघंही आहेत आणि दाब दोघं मिळून सोसतात. आत कोण किती सोसतं हे समीकरणं सांगतात. कडेवर मात्र आपल्याला एकूण दाबच ठाऊक असतो. त्यातला रबराचा किती आणि तेलाचा किती, ही अट आपण बाहेरून घालायची असते, आणि ती घालण्यापूर्वी ती कड खरी कशी आहे ते बघायचं असतं. तू बघितलं नाहीस. रबर सत्तर टक्के, तेल तीस, म्हणून दाबही तसाच वाटून टाकलास. मी हटकलं तेव्हा जेवणाच्या टेबलावर, बायको-मुलांसमोर, तू म्हणालास, “ताई, वाटणी कशीही कर, बेरीज तीच येते. पोरांनो, तुमच्या आत्याला भिंतीतल्या विटासुद्धा मोजायच्या असतात रे!” पोरं खिदळली. मीही हसले, याचा मला आजही राग येतो.

पंपात त्या रिंगची एक कड बारीक खाचेवर उघडी असते. तेलाला तिथून वाट मिळते आणि ते सटकतं. उघड्या कडेवर तेल जादा दाब सोसायला थांबतच नाही, सगळा भार एकट्या रबरावर येतो. बेरीज तीच येते, पण फाटायचं ते बेरजेने फाटत नाही.

तू विचारशील, ‘मग ताई, तुझी चाचणी कशी जुळली?’ जुळली, कारण मी तुकडा पोलादी वाटीत बसवून दाबला होता. कडा चहूबाजूंनी बंद. तेलाला जायला जागाच नव्हती, त्यामुळे तुझी वाटणी शोभून दिसली. कड उघडी ठेवायची तर सच्छिद्र तबकडी बनवून घ्यावी लागली असती, तीन आठवडे लागले असते. तुला चार दिवसांत कागद हवा होता. मी सगळं समजून-उमजून ‘गणिताशी जुळते’ असं लिहिलं आणि खाली सही केली. एकतीस वर्षांच्या नोकरीत न बघितलेल्या गोष्टीवर केलेली ती एकमेव सही.

तबकडी आता बनवून घेतली आहे. गेल्या आठवड्यात पाच रिंगा उघड्या कडेने दाबल्या. पाचही ठरलेल्या दाबाच्या निम्म्यावरच फाटल्या, आणि पाचही कडेवरून. नट कुणीच आवळत नव्हतं.

परवा तू तुझ्या बढतीचं सांगितलंस आणि वर म्हणालास, सह्या दोघांच्या आहेत, बुडालो तर दोघं बुडू. बरोबर आहे. माझ्यापुरतं मी आज सकाळी लिहून समितीच्या कारकुनाकडे दिलं, पोच घेतली. पाच चाचण्यांचे आकडे, बंद वाटीची गोष्ट, माझी सही, सगळं त्यात आहे. तुझ्याबद्दल त्यात एक ओळही नाही. ती ओळ तुझी तू लिहायची आहेस, सोमवारी अकराच्या आत. फिटरला आत बोलावलं आणि तोवर तू उठला नाहीस, तर मी उठेन, आणि तुझ्या गणिताचं पान मोठ्याने वाचेन. मग आईला काय सांगायचं ते तुझं तू बघ. हे फोनवर बोलता आलं असतं. पण ती सही मी कशी केली ते आठव. रात्री तुझा फोन आला होता, ‘एवढं एकदा कर ना गं ताई’ म्हणालास, पाचवीतल्यासारखा, आणि मी केलं. म्हणून हे पत्र. सोमवारपर्यंत फोन करू नकोस. मी उचलेन, आणि पुन्हा तुझं ऐकेन.

तुझीच, दुसरा इलाज नाही म्हणून,
ताई