स्थानिक नावाचा रकाना

१९ नोव्हेंबर

तळ्याच्या काठाला पांढरी फुलं. गावच्या जैवविविधता नोंदवहीत लिहिलं — लहान जातीचं कमळ. ग्रामसेवक शहादेवनं हे काम माझ्यावर टाकलं. गुरुजी, तुम्ही रिटायर, वेळ आहे तुम्हाला. वेळ आहे!

२० नोव्हेंबर

कमळ नव्हे. पाकळ्या पाचच, त्यांवर बारीक पांढरी लव. मध्ये पिवळं. देठ चिखलातून वर येत नाही, पानाच्या खालूनच फुटतो. पुस्तकात जुळलं — कुमुदिनी.

तीस वर्षं वर्गात शिकवली. चंद्र दिसला की उमलते, असं सांगितलं. ही सकाळी नऊला उमलते आणि जेवणवेळेला मिटते. इतक्या वर्षांत तळ्यावर एकदाही जाऊन बघितलं नाही. विजयमाला असती तर नवऱ्याला हसली असती. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

२२ नोव्हेंबर

शास्त्रीय नाव भरलं. स्थानिक नावाचा रकाना रिकामा. शहादेव म्हणतो, तो रिकामा असला तर वरच्या कार्यालयात ओळच कापतात. वही तीस तारखेला द्यायची.

विचारायचं कुणाला? निम्मं गाव ऊसतोडीला गेलंय. वरच्या गल्लीत सगळ्या घरांना कुलपं. फक्त भिवराबाई उंबऱ्यात. गुडघे गेले म्हणून मुलगा-सून मागं ठेवून गेले. नाव विचारलं. लगेच म्हणाल्या, बगळी. चहा घ्यायला लावला.

२३ नोव्हेंबर

खात्रीसाठी पुन्हा विचारलं. आज म्हणाल्या, दहीफूल. मग बगळी? ते चुकलं म्हणे, वय झालं. "उंद्या या गुरुजी. आठवून ठिवते."

२५ नोव्हेंबर

काल नावाच्या चौकशीला तालुक्याला, केजला गेलो, हात हलवत आलो. आज भिवराबाईंकडे. चांदणवेल! मी हसलो तर उलटल्या. एवढी पोरं शिकवली, एक फूल म्हाईत न्हाई तुमाला? दीड तास बसलो. उठायला लागलो तर —

"कावून उठता? घरी कोन वाट बघतंय?"

२६ नोव्हेंबर

गेलो नाही. दिवसभर कुणाशी शब्द नाही.

२८ नोव्हेंबर

भिवराबाईंची सून सत्यभामा — तिचा फोन लागला. कर्नाटकात, उसाच्या फडात. फुलाचं वर्णन केलं तशी हसली.

"पिंजारी की! आत्याबाईनंच दावली मला, लगीन होऊन आले तवा."

म्हणजे भिवराबाईंना पहिल्यापासून माहीत.

मग आत्याबाई कुनाशी बोलत्यात का, तिनं विचारलं.

रोज, म्हणालो.

रकान्यात लिहिलं — पिंजारी.

३० नोव्हेंबर

नोंदवही शहादेवच्या हातात दिली. काम संपलं.

१ डिसेंबर

सकाळी भिवराबाईंकडे गेलो. फुलाचं नाव आठवलं का, विचारलं. आठवलं म्हणाल्या, आणि पिंजारी सोडून चौथंच सांगितलं. उद्या पुन्हा विचारीन.